नातू अडीच वर्षांचा, पूल पाच फुटांचा

प्रश्न : मुलाने भायलीत बंगला बांधला आहे. मागच्या अंगणात वीस फूट बाय दहा फुटांचा स्विमिंग पूल केलाय, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट खोल. तीन बाजूंना कंपाउंडची भिंत आहे. चौथ्या बाजूला आमचा हॉल, त्याला मोठं सरकतं काचेचं दार. नात सात वर्षांची, नातू अडीच वर्षांचा. मी म्हणते रेलिंग लावा. मुलगा म्हणतो, “आई, चहूबाजूंनी बंदच तर आहे, आणि गेटवर चौकीदार आहे.” काँट्रॅक्टर म्हणतो, रात्री जाळी टाकली की झालं. आर्किटेक्टला रेलिंगने शोभा जाईल असं वाटतं. पुढच्या महिन्यात पाणी भरायचंय आणि उत्तरायणाला पाहुण्यांची मुलं येणार आहेत. कायद्याने काय लागतं, आणि खरोखर काय लागतं? मुलाला दाखवायचं आहे, म्हणून सविस्तर लिहा.
— एक आजी, बडोदे

काकू, रेलिंग हवंच. मुलाला दाखवणार आहात, तर कारणासकट सांगतो.

‘चहूबाजूंनी बंद’ हे चोराच्या हिशेबाने बरोबर आहे. तुमचा नातू मात्र आधीच आत आहे. भिंत आणि चौकीदार रस्त्यावरच्या माणसाला अडवतात, हॉलमधून दुडुदुडु निघालेल्या पोराला कोणीही अडवत नाही. घरच्या पूलमध्ये बुडणारी लहान मुलं बहुतेक वेळा पोहायला उतरलेली नसतातच. अंगात घरचे कपडे असतात, दुपारची वेळ असते, एक जण फोनवर, एक जण ओट्याशी, प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्याजवळ आहे, आणि सरकतं दार वीतभर उघडं राहिलेलं असतं. पाण्यात पडलेलं लहान मूल ओरडत नाही, हात हलवून बोलवत नाही. दोनेक मिनिटांत शुद्ध जाते, चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणजे पूल वापरात असतो त्या दीड-दोन तासांपेक्षा उरलेले बावीस तास जास्त धोक्याचे. आधी बंदोबस्त त्या बावीस तासांचा करायचा.

कायद्याचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियात घरगुती पूलला कुंपण कायद्यानेच सक्तीचं आहे. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा छप्पर यांपैकी एक तरी लावावंच लागतं. आपल्याकडे घरगुती पूलला कुंपण घालायला लावणारा असा देशभराचा कायदा नाही. पूल मंजूर नकाशात दाखवलेला आहे ना, एवढं आर्किटेक्टकडून बघून घ्या. पण नकाशा मंजूर झाला म्हणून पूल सुरक्षित झाला असं होत नाही, तो कागद बांधकामाचा असतो. पुढची मापं या विषयात बाहेर जी रूढ आहेत तीच दिली आहेत, कारण ती अपघातांवरून ठरलेली आहेत.

रेलिंग घर आणि पूल यांच्या मध्ये यायला हवं. तुमच्याकडे तीच बाजू उघडी आहे. उंची किमान चार फूट, जमलं तर पाच. दोन उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि जमीन ते खालची पट्टी यातलं अंतर ५ सेंटिमीटरच्या आत. आडव्या पट्ट्या फक्त दोन, एक अगदी खाली आणि एक अगदी वर, त्यांच्यात पावणेचार फुटांचं तरी अंतर. फॅब्रिकेटरला हे रेखाटून द्या. नाहीतर तो सवयीने मध्ये एक ‘डिझाइनची पट्टी’ घालतो, आणि ती पट्टी म्हणजे सात वर्षांच्या मुलीसाठी शिडीच. फुलापानांची जाळी, क्रॉस पट्ट्या, वेल सोडायची ट्रेलिस, सगळ्यांचं तेच. मापायला टेप नको, १० सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घ्या. तो कुठूनही पलीकडे गेला तर ती फट मोठी आहे.

रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला तीन फुटांच्या आत काही ठेवायचं नाही. कुंडी, वेताची खुर्ची, एसीचं बाहेरचं युनिट, उलटी घातलेली बादली, सगळं दूर. बडोद्याच्या घरांत हमखास असणारा झोपाळाही तिथे नको. चार फुटी रेलिंगजवळ दीड फुटाची कुंडी आली की रेलिंग अडीच फुटांचं उरतं.

आर्किटेक्टच्या शोभेला उत्तर आहे : १२ मिलिमीटरची टफन्ड काच, खाली स्टेनलेस स्टीलचे स्पिगॉट (काच धरून ठेवणारे खुंट). दृश्य अडत नाही, पाय ठेवायला जागा मिळत नाही. स्टील ३१६ ग्रेडचं घ्या, क्लोरीनच्या पाण्याजवळ ३०४ लवकर डागाळतं. महाग पडतं. साध्या उभ्या एमएस (लोखंडी) पाइपांचं रंगवलेलं रेलिंग संरक्षणाला तितकंच चांगलं, त्यामुळे पैसे वाचवायचेच असतील तर काचेत वाचवा, गेटमध्ये वाचवू नका.

कारण सगळा खेळ गेटचा आहे. गेट पूलपासून बाहेरच्या बाजूला, म्हणजे घराकडे उघडणारं हवं. मुलाने आतल्या दिशेने ढकललं तर ते आणखी घट्ट बसतं. बिजागरी स्प्रिंगची हवी, गेट आपोआप बंद झालं पाहिजे आणि लॅच आपोआप पडलं पाहिजे. लॅच साडेचार फुटांवर किंवा त्याहून वर. ते खाली बसवायची वेळ आली तर पूलच्या बाजूने, गेटच्या वरच्या कडेपासून किमान तीन इंच खाली, आणि आजूबाजूला दीड फुटापर्यंत बोट जाईल एवढीही फट नको. कुलूप, साखळी, आडवी कडी यांच्यावर विसंबू नका. त्या माणसाने लावाव्या लागतात, आणि हातात टॉवेल, ओली मुलं, ज्यूसचे ग्लास असलेला माणूस त्या लावत नाही.

गेटची तपासणी अशी करा. पूर्ण उघडा, सोडा. मग फूटभर उघडा, सोडा. मग फक्त दोन बोटं उघडा आणि सोडा. तिन्ही वेळा ते स्वतःहून मिटून ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. बहुतेक गेटं पहिल्या वेळी पास होतात, कारण वेग असतो. नापास होतात ती दोन बोटांच्या वेळी : गेट लॅचला टेकतं आणि तिथेच थांबतं, लांबून बंद दिसतं. हे गेट उघडंच समजा. उपाय साधा आहे, स्प्रिंगचा ताण स्क्रू फिरवून वाढवायचा. तरीही बसत नसेल तर खांब कलला आहे. भायलीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरवरच्या पायातला खांब तिच्याबरोबर हलतो आणि लॅच चार-पाच मिलिमीटर सरकतं. म्हणून गेटच्या खांबाचा पाया खोल आणि काँक्रीटचा मागा, आणि ही तीन वेळांची तपासणी महिन्यातून एकदा करा. गेटला वीट लावून ते उघडं ठेवणाऱ्या पाहुण्याला तुम्ही स्वतः रागवा, तुमचंच ऐकतील.

सरकत्या दारालाही वरच्या बाजूला, साडेचार फुटांवर, एक कडी आणि दार उघडताच वाजणारा साधा अलार्म लावा. हे रेलिंगच्या जोडीला. रेलिंगऐवजी नाही.

आता काँट्रॅक्टरची जाळी. नर्सरीतली हिरवी शेडनेट किंवा तरंगणारी बबल शीट हा धोका आहे. मूल वर पाय ठेवतं, शीट खाली जाते, दोन्ही बाजूंनी वर वळते आणि मूल तिच्याखाली जातं. वरून बघणाऱ्याला फक्त शीट दिसते. जाळी घालायचीच तर चारी बाजूंनी कोपिंगमध्ये (काठावरच्या फरशीत) बसवलेल्या हुकांना ताणून बांधलेली, मोठ्या माणसाचं वजन पेलणारी घ्या. रोज ती नीट बांधली जाईल का हे घरातल्या माणसांना ओळखून तुम्हीच ठरवा. वापरताना मात्र शीट अर्धी गुंडाळून अर्धी पाण्यावर ठेवू नका.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, म्हणून इथे जरा थांबतो. पूलच्या तळाला मेन ड्रेनची जाळी असते, तिथून पंप पाणी ओढतो. एकच ड्रेन असेल, जाळी सपाट असेल आणि त्यावर मुलाचं पोट किंवा पाठ बसली, तर पाइपात निर्वात होतो. हिशेब करून बघा : आठ इंची गोल जाळी, अर्धा बार (हवेच्या दाबाच्या साधारण निम्मा) निर्वात, म्हणजे सुमारे १६० किलोची ओढ. बापाने कितीही ताकद लावली तरी मूल सुटत नाही. जाळी तुटलेली असेल तर हात किंवा लांब केस आत ओढले जातात, तेही इतक्याच वाईट पद्धतीने. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनवर अशीच अडकून बुडाली. तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला.

पाणी भरायच्या आधी, पूल कोरडा असतानाच, स्वतः आत उतरून बघा. ड्रेन दोन असावेत, एकमेकांपासून किमान तीन फूट दूर, आणि दोन्ही एकाच पाइपला जोडलेले. एक झाकला गेला तरी पाणी दुसऱ्यातून येतं, ओढ तयार होत नाही. दोघांच्या मध्ये व्हॉल्व्ह नको, कारण एक बंद केला की पुन्हा एकच ड्रेन उरतो. झाकण सपाट नको, घुमटाकार अँटी-व्होर्टेक्स (भोवरा होऊ न देणाऱ्या) प्रकारचं हवं, आणि त्याचे सगळे स्क्रू जागेवर हवेत. चारपैकी दोन स्क्रू लावून ‘चालतंय’ म्हणणाऱ्याला परत बोलवा. प्लास्टिकचं झाकण ऊन आणि क्लोरीनने ठिसूळ होतं. उत्पादकाने त्याचं आयुष्य लिहिलेलं असतं, ते संपलं की झाकण बदलायचं. भिंतीत पूल साफ करायच्या व्हॅक्यूमसाठी ठेवलेलं तोंडही विसरू नका, त्याला स्प्रिंगचं आपोआप मिटणारं टोपण हवं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नातीचे केस पाण्यात उतरताना बांधलेले असू देत.

आणि पंपाचा एक लाल आपत्कालीन स्विच पूलच्या काठावरून दिसेल असा, पण मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर बाहेर घ्या. पंपरूमला कुलूप आणि किल्ली माळ्याकडे, असं असेल तर त्या १६० किलोंपुढे कोणाचंच काही चालणार नाही. कोणी अडकलं तर आधी पंप बंद, मग ओढायचं.

विजेचं काम घरच्या वायरमनवर सोडू नका, पूल केलेला इलेक्ट्रिशियन शोधा. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, त्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पंपरूममध्ये. पंप, दिवे आणि बागेतल्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवा, त्यावर आयएस १२६४० चा क्रमांक बघून घ्या. नुसता एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तो वायरीला वाचवतो. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा, गेट तपासता त्याच दिवशी. ट्रिप झाला नाही तर तो बदलेपर्यंत पोहणं बंद. शिडी, रेलिंग, काँक्रीटमधली सळई, पंपाची बॉडी, सगळी धातू एकमेकींना तांब्याच्या तारेने बांधून अर्थला जोडलेली हवी. याला बाँडिंग म्हणतात, आणि ते कोपिंग बसायच्या आधीच करून घ्यावं लागतं, नंतर फरशी फोडावी लागते. काठापासून साडेतीन मीटरपर्यंत सॉकेट नको. गाण्यांचा स्पीकर एक्स्टेन्शन बोर्डावर आणून काठावर ठेवणं तर अजिबात नको, बॅटरीवरचा वापरा. पाण्यात हाताला झिणझिण्या आल्या तर धातूच्या शिडीला न शिवता सगळ्यांनी बाहेर यायचं आणि मेन स्विच पाडायचा.

खोलीचे आकडे कोपिंगवर आणि आतल्या भिंतीवर मोठे लिहा. पाच फुटांत सूर मारायचा नाही, कोणीही नाही. डोक्यावर उडी मारायला किमान नऊ फूट पाणी लागतं, पाच फुटांत मान मोडते. नातीची उंची साधारण चार फूट धरली, तर तीन फुटांत ती निवांत उभी राहते. पण उतार लागला की ओल्या फरशीवर पाय आपोआप खोलीकडे सरकतात. उताराच्या फूटभर आधी तरंगत्या गोळ्यांची दोरी आडवी लावा. पूलमधली आणि काठावरची फरशी अँटी-स्किडच हवी. काठाला गुळगुळीत ग्रॅनाइट लावलं असेल तर तेवढा पट्टा फ्लेम फिनिश (ज्योतीने खडबडीत) करून घ्या.

पाण्याबद्दल आटोपतं. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच ७.२ ते ७.६. तुमच्या पूलमध्ये सुमारे २२,६०० लिटर पाणी बसतं. ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट ३५ ग्रॅम टाकलं की क्लोरीन साधारण १ पीपीएम वाढतो. पीएच ८ वर गेला तर त्याच क्लोरीनचा जंतू मारणारा भाग पाव-पंचमांश उरतो, म्हणून नुसता क्लोरीन वाढवत बसू नका. टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच दुसऱ्या प्रकारच्या) टिकिया आणि हायपोक्लोराइट एका डब्यात, एका फिडरमध्ये, अगदी एका मापातसुद्धा मिसळायचे नाहीत, पेट घेतात. अॅसिडजवळ क्लोरीन ठेवला तर विषारी वायू होतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीही ओतायचं नाही. तिन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत, कुलपात. रोजची कसोटी सोपी आहे : काठावर उभं राहून पाच फुटांच्या तळाची ड्रेनची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. गढूळ पाण्यात तळाला गेलेलं मूलही दिसत नाही.

उत्तरायणाबद्दल आमचं मत वेगळं आहे. जानेवारीच्या थंडीत बडोद्यात पूलमध्ये उतरणार कोण? पाणी मार्चमध्ये भरा. १४-१५ जानेवारीला मुलांच्या नजरा आभाळात, कापलेल्या पतंगामागे उलट्या पावलांनी धावणं, मोठी माणसं गच्चीत, खाली उंधियू-जिलेबीची गडबड. उघड्या पूलसाठी वर्षातले याहून वाईट दोन दिवस नाहीत. मात्र रिकामा पूल म्हणजे पाच फूट खोल, फरशीचा खड्डा. रेलिंग आणि गेट तेव्हाही बसलेलं हवं. पतंग आत पडला तर तो मोठा माणूस काढेल, हा नियम आदल्या रात्रीच सांगून टाका. कामवाल्या मावशींची आणि माळ्याची मुलंही त्या दिवशी अंगणात असतात, त्यांनाही.

पोहणं सुरू झालं की पाण्यावर लक्ष ठेवणारा एक मोठा माणूस ठरवा, नाव घेऊन. ‘आम्ही सगळे आहोत ना’ म्हणजे कोणीच नाही. त्याच्या डोक्यावर एक ठरलेली टोपी, हातात मोबाइल नाही, वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याकडे. नातवाच्या बाबतीत तो माणूस पाण्यात, हाताच्या अंतरावर. दंडाला लावायचे फुगे खेळणं म्हणून ठीक, भरवशाचे नाहीत. खेळ संपल्यावर चेंडू, बदक सगळं पाण्यातून काढा, लहान मूल तेच घ्यायला येतं. नातीला लालबाग किंवा सरदार बागेच्या तलावावर रीतसर शिकायला घाला, पण पोहता येतं म्हणून पहारा सोडू नका.

काठावर एक लाइफ रिंग दोरीसकट आणि टोकाला हूक असलेली बारा फुटी फायबरची काठी कायम टांगलेली असू द्या. दहा फुटी रुंदीला ती कुठूनही पोचते, पोहता न येणाऱ्या आजीलाही वापरता येते.

मूल बाहेर काढल्यावर हाक मारा, श्वास बघा. नीट श्वास चालत नसेल तर कडक जमिनीवर उताणं ठेवून, डोकं किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, असं न थांबता. मुलांना छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. दुसरं माणूस असेल तर त्याने १०८ लावून स्पीकर सुरू करायचा. एकटे असाल तर आधी मिनिटभर हे, मग फोन. मुलाला पाय धरून उलटं फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे अजून करतात, त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाते. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसं काही तासांनीही बिघडतात. घरातल्या दोघांनी तरी हे बाहुल्यावर हात ठेवून शिकावं, रेड क्रॉस प्रथमोपचार शिकवतं. वाचून हात बसत नाही.

पावसाळ्यापुरतं दोन गोष्टी. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असताना पूल रिकामा करू नका. खालून येणारा दाब तळ उचलतो, फरशी फुटते. तळात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालचा दाब उतरवणारी झडप) बसवला आहे का, हे आत्ताच विचारा. आणि सकाळी स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेच्या) टोपलीत थेट हात घालायचा नाही, आधी झाकण काठीने सारायचं. रात्रीत पडलेले बेडूक आणि कधीतरी साप तिथेच अडकतात. विश्वामित्री नदीला २०१९ आणि २०२४ मध्ये पूर आला तेव्हा मगरी वस्तीत शिरलेल्या बडोद्याने पाहिल्या आहेत. पाणी अंगणात शिरलं असेल तर ओसरल्यावरही टॉर्चने पूल बघितल्याशिवाय जवळ जाऊ नका. काही दिसलं तर वनविभागाला फोन करा, चौकीदाराला काठी देऊ नका. पंपाचं पॅनेल भिजलं असेल तर इलेक्ट्रिशियनने इन्सुलेशन तपासल्याशिवाय ते सुरू करायचं नाही.

काँट्रॅक्टरचं शेवटचं बिल अजून द्यायचं असेल ना? ते मुलाला अडकवून ठेवायला सांगा. ड्रेनचे स्क्रू, आरसीसीबीचं बटण आणि दोन बोटं उघडलेलं गेट, हे तिन्ही त्याच्यासमोर तपासून मगच चेक लिहू दे.